दोन मुठी ज्वारी

आधी कामाचं सांगते. खोकला तीन आठवडे हटला नाही, तर काढे पीत बसू नका, दवाखान्यात जा. गोळ्या सुरू झाल्या की महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि नेमक्या तेव्हाच लोक त्या सोडतात. सोडू नका. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून काहीजण डोळे पुसत बसतील आणि हेच विसरतील.

मी क्षयातून उठले त्याला आता पाच वर्षं होत आली. मध्यंतरी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका घरात पुन्हा तो आजार निघाला, आणि त्या घरच्या माणसांशी लोक कसे वागायला लागले ते पाहून मास्तर मला म्हणाले, रूथ, तुझं तू लिहून काढ. मास्तर म्हणजे आमच्या सेलूच्या मंडळीचे वडीलधारे, शाळेतून निवृत्त झालेले. मी म्हटलं, लिहीन, पण तुमच्या घरचंही लिहीन. ते म्हणाले, तेच लिही. म्हणून लिहिते आहे.

आमची मंडळी नऊ घरांची. चर्च म्हणावं अशी इमारत तेव्हा नव्हती, अजूनही नाही. मास्तरांच्या ओसरीवर सतरंजी अंथरायची आणि उपासना करायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा परभणीहून गाडीने यायचे. देवाच्या कामाला देण्यासारखं आमच्याकडे फार नव्हतं, म्हणून मुठीची रीत पडली होती. घरातली बाई दळण काढायला बसली की सुपातली पहिली मूठ देवाच्या डब्यात घालायची, उरलेलं जात्यावर. घरात दोन बायका असतील तर दोन मुठी. एखादी माहेरी गेली तर तिची मूठ तेवढे दिवस नसायची, कुणी विचारायचं नाही. रविवारी सगळे डबे मास्तरांच्या घरी एका पोत्यात रिकामे व्हायचे. त्यातलं थोडं पाळकसाहेबांना जायचं आणि बाकीचं ज्याच्या घरी अडचण असेल त्याला. मास्तर अधूनमधून बायबलातल्या त्या विधवेची गोष्ट सांगायचे, जिने शेवटच्या मूठभर पिठाची भाकर देवाच्या माणसाला दिली आणि मग तिचं पीठ सरलंच नाही, तिचं पोरगंही दुष्काळातून वाचलं. मला ती गोष्ट फार आवडायची.

*

सुशी तेव्हा नऊ महिन्यांची होती. माझं एकुलतं एक लेकरू. दुष्काळाचं साल होतं. कापूस आलाच नाही म्हणून सेलूच्या जिनिंगचे भोंगे बंद पडले होते. सुशीचे बाबा रेल्वेत गँगमन, पगार वेळेवर यायचा, पण बाजारात ज्वारीच दिसत नव्हती. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली हलकी ज्वारी, मिळायची, तिला वास यायचा आणि भाकरी थापताना फाटायची. ओळखीपाळखीने कुठून पायलीभर ज्वारी मिळाली तर ती आम्ही सुशीच्या पेजेसाठी आणि देवाच्या डब्यासाठी आधी काढून ठेवायचो, उरली तर आमच्या मिलोत मिसळायचो. मी खोकत होते, पण धूळच इतकी उडत होती की अख्खं गाव खोकत होतं. एक दिवस भाकरी थापताना ठसका लागला आणि परातीतल्या पिठावर लाल थेंब पडले. आता हे पीठ टाकावं लागणार म्हणून मला आधी रडू आलं. रक्ताचं रडू नंतर आलं.

परभणीला छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. फोटो खिडकीच्या उजेडाला धरून म्हणाले, टी.बी. आहे, उजवीकडे भोक पडलंय. मग माझ्या मांडीवरच्या सुशीकडे बघून म्हणाले, बाळाला आजपासून अंगावर पाजायचं नाही. पहिल्या वाक्याचं मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. दुसरं ऐकून मी पदर घट्ट लपेटून घेतला. परतीच्या गाडीत ती पदर ओढत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेवटी सुशीच्या बाबांनी तिला दाराशी नेलं आणि सेलू येईपर्यंत उभ्यानेच झोके देत राहिले.

घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती बांधून दिली. त्या मोजकंच बोलत. आमचं पटायचं असं नाही. मीठ कमी, पाणी जास्त, यावरून रोजची कुरबुर असायची. पण गाठ टोचू नये म्हणून त्यांनी ती दोनदा सोडून पुन्हा मारली.

आठ दिवसांनी मिशनच्या दवाखान्यात खाट मिळाली. गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. निघताना मी डब्यात मूठ घातली आणि आत्याबाईंना म्हटलं, आता माझी मूठ काही दिवस नाही.

"चुकू देनार न्हाई मी तुझी मूठ," आत्याबाई म्हणाल्या. "तू निस्ती बरी हून ये."

मला तेव्हा फार बरं वाटलं. कुणीतरी आपली जागा धरून ठेवणार आहे, असं वाटलं.

*

दवाखान्यात सात महिने काढले. पहाटे ताप मोजायची काचेची कांडी तोंडात, मग तोंड धुणं, मग वॉर्डातली प्रार्थना, मग इंजेक्शन. रोज एक, कमरेखाली, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. दोन महिन्यांत बसायला जागा उरली नाही. प्रत्येकीच्या उशाशी झाकणाचा डबा, त्यात थुंकायचं. तो डबा सकाळी न्यायला येणारी बाई नाकाला पदर लावायची नाही, आणि तेवढ्यासाठी आम्ही सगळ्या तिच्यावर जीव टाकायचो. दुपारी उकडलेलं अंडं मिळायचं. मला अंडं ठाऊक होतं ते नाताळला आणि ईस्टरला. पहिल्या दिवशी मी ते रुमालात बांधून सुशीसाठी ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि समोर उभं राहून मला खायला लावलं.

शेजारच्या खाटेवर प्रयाग होती. देवगाव फाट्याजवळच्या खेड्यातली, शेतमजुरी करणारी. तिच्या सासऱ्याने बाबासाहेबांबरोबरच बौद्ध धर्म घेतलेला, त्यामुळे आमच्या प्रार्थनेच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि नंतर मला चिडवायची की तुझ्या देवाला सुईच्या आधीच कसं गाणं सुचतं. हसताना दोघींना खोकला यायचा आणि परिचारिका ओरडायची. भीतीचं मात्र प्रयागशी बोलता यायचं. ती म्हणायची, मला मरायचं भ्या न्हाई, मला घरच्यांनी येगळी चूल मांडून दिली त्याचं दुखतंय.

सुशीचे बाबा पासावर महिन्यातून एकदा यायचे. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. वाकळ शिवायच्या जाड दोऱ्याने त्या सुशीला टाळूपासून टाचेपर्यंत मोजायच्या, टाचेच्या टोकाला गाठ मारायच्या आणि तो दोरा माझ्याकडे पाठवायच्या. मी तो खाटेवर ताणून धरायची. एवढी आहे माझी सुशी. दुसऱ्या खेपेचा दोरा पहिल्यापेक्षा पेरभर लांब निघाला, तेव्हा मी अख्ख्या वॉर्डाला दाखवला. तिसराही थोडा लांब होता. निरोप असायचा की सुशी उभी राहायली आहे, आणि तुझी मूठ रोज पडायली आहे.

चौथ्या खेपेला सुशीचे बाबा उशिरा आले, दोन महिन्यांनी. दोरा दिला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. मी चारही दोरे गाठीला गाठ लावून धरले. चौथा तिसऱ्याएवढाच होता, केसाचाही फरक नाही. लेकरू दोन महिने वाढलं नाही असं कसं होईल? मी पुन्हा मोजले. प्रयाग माझ्याकडे बघत होती. ते परत आले तेव्हा मी दोरे हातात धरून बसले होते.

"सुशी कुठाय?" मी विचारलं.

ते खाली जमिनीवरच बसले. म्हणाले, "स्टेशनामागच्या माळावर ठेवलीया. हगवण लागली हुती. तीन दिवसांत गेली. डॉक्टरीणबाई म्हनल्या, तुला इतक्यात सांगू नका."

चौथा दोरा सुशीच्या बाबांनी तिसऱ्या मापाच्या वेळी घरच्या भिंतीवर केलेल्या खुणेवरून कापला होता. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. त्या दिवशी मी ओरडलेही नाही, ओरडायला छातीत वारा नव्हता. रात्रीच्या गोळ्या मी नाही म्हटल्या, तर प्रयागने माझं नाक दाबून त्या तोंडात घातल्या आणि गिळेपर्यंत हात काढला नाही.

*

मग राग आला. देवाचा आला, पण देवावर रागावून हाताला काही लागत नाही. माणूस पाहिजे असतं. मला आत्याबाई सापडल्या. रोज दोन मुठी ज्वारी त्या घरातून बाहेर जात होती, आणि माझ्या लेकराच्या वाट्याला मिलो आली असेल, ते हगवणीने गेलं. मी प्रयागला म्हटलं, घरी गेल्यावर पहिल्यांदा तो डबा दगडाने चेपून टाकीन. त्या विधवेचं पीठ सरलं नाही आणि पोरगंही वाचलं. मग आमच्याच घरी देवाने हात का आखडता घेतला?

"मला देवाचं काई कळत न्हाई, आमी तो नाद सोडलाय," प्रयाग म्हणाली. "पन डबा चेपायच्या आधी म्हातारीला इचार, तिनं मूठ कोन्त्या ताटातून काढली."

प्रयाग माझ्या आधी गेली. पेरणीचे दिवस आले म्हणून नवरा घेऊन गेला, गोळ्या अर्ध्यावर होत्या. डॉक्टरीणबाई फाटकापर्यंत मागे गेल्या. त्यानंतर तिची खबर मला नाही. फाट्यावरून एसटीने जाताना मी अजून खिडकीतून बघते.

*

मी घरी आले तेव्हा पाऊस झालेला होता, माळ हिरवा झाला होता. मी आधी तिथे गेले. दगड रचून ठेवले होते, लहानसे. मग घरी.

आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि मी त्यांना ओळखलं नाही. अंगावर मांस राहिलं नव्हतं, लुगडं लाकडाला गुंडाळल्यासारखं दिसत होतं. आजारी मी होते की ह्या, असा प्रश्न पडावा. माझा राग तरीही तसाच होता. मी पाणीसुद्धा न पिता विचारलं की मुठी कुठल्या ताटातून काढल्या.

"एक माझ्या भाकरीची," त्या म्हणाल्या.

"आन् दुसरी?"

"दुसरीबी माझीच हुती पयले. मी सांजचं जेवन सोडलं. मग चक्कर यायली, लेकराला घेऊन दोनदा पडले." त्यांनी डोळे मिटले. "शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या पेजेतली काढली मी. पेज पातळ केली. मला वाटलं, देव तुझी मूठ मोजायलाय. एक चुकली की तू जाशील."

मी खाली बसले. दवाखान्यात असताना मी रोज सकाळी बोटं मोजून म्हणायची, आज माझी मूठ पडली असेल. मला त्याचा आधार वाटायचा. म्हणजे मीही तेच मोजत होते. हे मी तेव्हा आत्याबाईंना सांगितलं नाही. आम्ही दोघी एका घरात महिनाभर राहिलो आणि मिठापाण्यावरूनसुद्धा बोललो नाही.

पुढे पाळकसाहेबांबरोबर आलेल्या एका डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, त्या उन्हाळ्यात हगवणीने कितीतरी लेकरं गेली, चांगली दूध पिणारीसुद्धा, मूठभर ज्वारीने सुशी वाचली नसती. खरं असेल. मला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

*

महिन्याने मी उपासनेला गेले. मला संसर्ग उरलेला नाही असा दवाखान्याचा कागद मी पिशवीत घेऊनच गेले होते, कारण स्वतःची बिरादरी मला माहीत होती. सगळे गोड बोलले आणि सतरंजीवर माझ्या भोवती हातभर जागा मोकळी राहिली. उपासना झाल्यावर बायका डबे घेऊन आत गेल्या. मास्तरीणबाईंनी, मास्तरांच्या बायकोने, सगळ्यांचे डबे मधल्या पोत्यात ओतले. आमचा डबा आत्याबाईंच्या हातून घेतला आणि दाराआड नेला. मी सहज मागे गेले. तिथे दुसरं एक पोतं होतं, तोंडाला लाल चिंधी बांधलेलं. त्यात त्या ओतत होत्या.

मी चिंधी सोडली. अर्ध्याच्या वर भरलेलं पोतं. वरची ज्वारी ताजी, खाली पार भुगा आणि किडे. माझ्या आजारपणातली एकेक मूठ तिथे होती. कुणाच्याही पोटात गेली नव्हती.

मास्तरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांची थोरली बहीण क्षयानेच गेली होती, घरात नातवंडं होती, म्हणून मला भ्या वाटलं, असं त्या चाचरत सांगू लागल्या. फेकून द्यायला धजल्या नाहीत, कारण देवाचं होतं. कुणाला द्यायलाही धजल्या नाहीत. मी काही बोलायच्या आत आत्याबाई माझ्या मागून पुढे आल्या. पोत्यापाशी बसल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. किडे हातावर चढत होते, त्यांनी झटकले नाहीत.

"म्हंजी देवापाशी गेलीच न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं. मग त्या जोरात रडल्या, सुशी गेली तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या म्हणे. पोत्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला मास्तरीणबाई, आणि कुणाला कुणाचा हात धरायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई ते पोतं डोक्यावर घेऊन आमच्या रेल्वेच्या क्वार्टरवर आल्या. गडीमाणूस नाही घेतला. सूप आणि चाळणी बरोबर आणली होती. दोन दिवस त्या आणि आत्याबाई अंगणात बसून ज्वारी पाखडत होत्या, निवडत होत्या, उन्हात घालत होत्या. मी दारात बसून बघायची. अर्ध्या पोत्यातून चार पायल्या धड दाणे निघाले. ते मास्तरीणबाईंनी आपल्या घरी नेले, स्वतः दळले. त्या रविवारी पाळकसाहेब येणार होते, प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत एकाच ताटातले तुकडे सगळ्यांनी खायचे. एरवी त्यासाठी पोळी करतात. त्या रविवारी मास्तरीणबाईंनी त्या पिठाची भाकरी केली आणि उपासनेच्या आधी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की हे पीठ कुठलं आहे आणि आपण काय केलं. मास्तर खाली बघत होते. पाळकसाहेबांनी तुकडे केले तेव्हा पहिला हात मास्तरीणबाईंनीच पुढे केला. खाल्ला. मग बाकीच्यांनी खाल्ला. कुणी मागे राहिलं नाही, एवढं मी बघितलं.

ताट आत्याबाईंपाशी आलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"मला नको," त्या हळू म्हणाल्या. "मी लेकराच्या तोंडचं काढलंय."

पाळकसाहेब थांबले. पेजेचं त्यांना काही माहीत नव्हतं. मग ताट माझ्यापुढे आलं आणि मी तुकडा घेतला. नखाएवढा होता. मला तो तोंडात घालवेना. ती सुशीची पेज होती. मी तो बोटांत धरून बसले. मग मी त्याचे दोन केले. एक आत्याबाईंच्या ओठांना लावला. त्यांनी मान वळवली. मी लावूनच ठेवला, प्रयागने धरला होता तसा हात धरून. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. त्यांना दात थोडेच राहिले होते, त्यांना वेळ लागला. त्यांचं गिळून होईपर्यंत मी थांबले आणि मग माझा अर्धा खाल्ला. जुन्या ज्वारीची कडसर चव होती.

मी त्यांना माफ केलं का, असं मला लोक विचारतात. त्या दिवशी तुकडा दिला, एवढं खरं. पुढची दोन वर्षं त्या माझ्याजवळ होत्या. त्यांचं जेवण मी आधी वाढायची, आणि मिठावरून आमची कुरबुर पुन्हा सुरू झाली, तेव्हा मला बरं वाटलं.

त्या गेल्यापासून घरात मूठ एकच पडते, माझी. घरीदारी कुणी आजारी किंवा लेकरू असेल तर त्याच्या वाटचं बाजूला काढून झालं की मगच मी ती घालते. देवाला हे चालतं असं मला वाटतं, आणि नसेल चालत तर भेट होईल तेव्हा तो सांगेल. चार दोरे मी त्याच डब्यात तळाशी ठेवले आहेत. रविवारी मास्तरांकडे जायच्या आधी ते बाहेर काढून ठेवते, ज्वारी ओतून येते आणि परत आत घालते. ते अजून मी देवालाही दिलेले नाहीत.